घरातली रिकामी खोली आणि परगावचा पाहुणा : छोट्या होमस्टेविषयी माहिती

संकेश्वर-निपाणी भागातील बऱ्याच घरांत आता माणसे कमी आणि खोल्या जास्त अशी स्थिती आहे. मुले पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात असतात. घरी सोपा, माडी आणि दोन वयस्क माणसे. यातली एखादी खोली प्रवाशांना किंवा सामाजिक कामासाठी येणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांना भाड्याने देता येईल का, असे मंडळाचे सभासद अधूनमधून विचारतात. त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र करून देत आहोत.

आमचे मत आधीच सांगतो. हा व्यवसाय घरात राहणाऱ्या माणसांच्या जिवावर चालतो. म्हणून आहे त्या घरात, हातात असलेल्या पैशांत आणि एकाच खोलीने सुरुवात करावी.

वेळासचे उदाहरण

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास हे समुद्रकाठचे गाव आहे. नाना फडणवीसांचे गाव म्हणून ते पूर्वीपासून माहीत होते. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक लांबून येऊ लागले. गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरीच उतरवले आणि घरचेच जेवण वाढले.

यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पाहुण्यांचा हंगाम काही महिन्यांचाच असतो, तेव्हा हे उत्पन्न जोडधंद्याचे समजावे. दुसरे म्हणजे पाहुण्याला तेथे हॉटेल नको असते, घर हवे असते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजनाही याच विचारावर चालते.

आपल्याकडे कोण येईल?

संकेश्वर पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. शंकरलिंग मंदिर आणि शंकराचार्यांचा मठ यांमुळे भाविक येतात. जवळच वल्लभगड आहे, पावसाळ्यात गोकाकचा धबधबा आहे आणि गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोलीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. निडसोशीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांचे पालक, लग्नसराईतले पाहुणे, रात्रीचा प्रवास टाळणारी कुटुंबे हे आपले पहिले ग्राहक. परदेशी पाहुणा क्वचित येईल. केवळ त्याच्या भरवशावर हिशोब मांडू नये.

हिशोब

आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. एका खोलीचे नाष्ट्यासह एका रात्रीचे ₹१,२०० धरले आणि महिन्यात ८ रात्री खोली गेली, तर ₹९,६०० जमा होतात. नाष्टा, धुलाई, वीज, साफसफाई यांचे रात्रीला ₹३५० वजा केले की ₹६,८०० उरतात. रंग, गाद्या, गीझर, कमोड आणि इन्व्हर्टर यांवर ₹७५,००० खर्च केले असतील, तर ते साधारण ११ महिन्यांत वसूल होतात.

आता दुसरी बाजू पाहा. माडीवर नवीन बांधकामासाठी ₹५ लाख कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे ₹१०,८७० येतो. म्हणजे एका खोलीची सगळी जमासुद्धा हप्त्याला पुरत नाही. बँकेत इतकी वर्षे कर्जाचे अर्ज तपासल्यावर आम्ही सभासदांना हेच सांगतो, की निवृत्तीच्या पैशांतून किंवा घर तारण ठेवून या व्यवसायात उतरू नका.

कागदपत्रे

१. केंद्र सरकारच्या ‘अतुल्य भारत’ निवास-न्याहारी योजनेत १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा, अशी मर्यादा आहे आणि घरमालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. कर्नाटक पर्यटन खात्याकडेही होमस्टेची नोंदणी होते. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत.

२. पुरसभेत परवान्याची आणि घरपट्टीची, तर हेस्कॉमकडे वीजदराची चौकशी लेखी करावी. जेवण विकणार असाल तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी करावी.

३. घरावर कर्ज असेल तर बँकेला कळवावे. विमा कंपनीलाही कळवावे, कारण राहत्या घराचा विमा व्यवसायातील नुकसान भरून देईलच असे नाही.

४. घर सामाईक असेल तर भावंडांची लेखी संमती घ्यावी. हा कागद सर्वांत अवघड, पण पुढचे भांडण तोच वाचवतो.

५. प्रत्येक पाहुण्याला पावती द्यावी आणि जमा वेगळ्या बचत खात्यात ठेवावी. हे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावे लागते.

परदेशी पाहुणा असेल तर

परदेशी पासपोर्टवर आलेला पाहुणा घरी उतरला, की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हा ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखला जातो. तो फक्त हॉटेलांसाठी असतो, असा आमचाही समज होता. मुलाचा परदेशी सहकारी आमच्याकडे चार दिवस राहून गेला, पैशांचा प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही काही कळवले नाही. नंतर चौकशी आली तेव्हा कळले, की फुकट ठेवले तरी जबाबदारी घरमालकाचीच. चूक आमची होती. तेव्हापासून पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घेतल्याशिवाय आम्ही खोली उघडत नाही. ऑनलाइन खाते आधीच उघडून ठेवावे. अडचण आल्यास जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारावे.

स्वयंसेवकांबाबत आणखी काळजी घ्यावी. ई-पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त १ महिना स्वयंसेवा करता येते आणि तिच्या बदल्यात कोणताही मोबदला घेता येत नाही. म्हणून ‘राहणे-जेवण फुकट, बदल्यात शाळेत इंग्रजी शिकवा’ असा व्यवहार करू नये. खोलीचे भाडे नेहमीच्या दराने घ्यावे, पावती द्यावी आणि काम ज्या संस्थेत आहे तिचे पत्र मागून ठेवावे.

डॉलर किंवा युरोच्या नोटा घेऊ नयेत, कारण परकीय चलन बदलून देण्यास परवाना लागतो. पाहुण्याला बँकेत पाठवावे आणि भाडे रुपयांतच घ्यावे.

घरची तयारी

न्हाणीत गरम पाणी, खोलीला आतून कडी, उकळलेले किंवा गाळलेले पिण्याचे पाणी आणि स्वच्छ चादर एवढे असले तरी पाहुणा समाधानी असतो. जेवणात संकेश्वरी मिरची जपून वापरावी! भाकरी, पिठले, दही चालते. जोडे कोठे काढायचे, देवघरात जायचे की नाही, रात्री दार किती वाजता लागते, हे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून भिंतीला लावावे.

शेवटी घरातल्या बाईला विचारल्याशिवाय काही ठरवू नये. नाष्टा, चादरी आणि पाहुण्यांची ये-जा यांचा भार बहुधा तिच्यावरच पडतो. तिची मनापासून तयारी असेल आणि जमेत तिचा वाटा असेल, तरच खोली उघडावी. नसेल तर ती बंद राहिली तरी नुकसान नाही.