टेकला की नाही टेकला

इंदापूर तालुक्यातलं नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याचं आग्नेय टोक. नीरा इथं भीमेला मिळते आणि नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो, एका अंगाला माळशिरस, दुसऱ्या अंगाला माढा. वैशाखात नृसिंह जयंतीला, विंचूरकर सरदारांच्या या कुलदैवताच्या दर्शनाला, तिन्ही तालुके लोटतात. चैत्र-वैशाखातल्या आसपासच्या गावांच्या यात्रांचंही तेच. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत कुस्तीचा फड कुठंही भरो, बघणारे तीन तालुक्यांचे असतात आणि हरलेल्या पैलवानाचा निवाडा एकमतानं होत नाही. हरलेला नामांकित असेल आणि त्याचं वय झालेलं असेल, तर तो वाद वर्षानुवर्षं चालतो. मी तरुणपणी याच मातीत लढलो, गुडघा गेल्यावर फडात पंच म्हणून उभा राहू लागलो. हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकला आहे, आणि त्याचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवावा असं मला फार दिवस वाटतंय.

या भागात फड मोठे झाले ते पाण्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरा डावा कालवा बारामती-इंदापुरात आला. 1930 च्या दशकात इकडं वालचंदनगर आणि नदीपलीकडं माळीनगर इथं साखर कारखाने उभे राहिले, मागून सहकारी कारखाने आले. उसाचा पैसा आला तशी यात्रेची वर्गणी वाढली, इनामं वाढली, आणि घरात एक पोरगा तालमीत ठेवून त्याला दूध-तूप-बदामाचा खुराक घालणं शेतकऱ्याला परवडू लागलं. पलीकडं अकलूजला शंकरराव मोहिते-पाटलांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला. कोल्हापूर-सांगलीचे मल्ल आमच्या बाजूला येऊ लागले ते या सगळ्यामुळे.

फड बघितला नसेल त्याच्यासाठी थोडं सांगतो. दुपार कलली की हलगी सुरू होते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रुपयांच्या, आणि दिवस मावळायच्या सुमारास शेवटची मानाची जोड. कुस्ती निकालीच व्हायची, म्हणजे दोन्ही खांदे मातीला टेकले तरच चीत. खरी मेख इथंच आहे. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ केलेली असते. घाम आलेल्या अंगाला ती लगेच धरते. कुस्ती सुटली की लोक आत धावतात आणि हरलेल्याला पाठमोरा करून बघतात. दोन्ही पाकांवर लाल माती सारखी लागलेली दिसली की वाद मिटला. पण अर्धा तास झुंज झालेली असते, पकड बसावी म्हणून दोघांनीही एकमेकांच्या अंगावर माती टाकलेली असते, खाली बसून कस काढलेला असतो. मग पाठीवरची माती कुठल्या क्षणाची, हे कोण सांगणार? सगळा वाद तिथून सुरू होतो.

अशी एक कुस्ती मी जवळून पाहिली. 1980 च्या दशकातली गोष्ट, भीमेच्या काठचं गाव. त्या मल्लाचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं याच भागात आहेत. चाळिशी उलटलेली, कान मोडून घट्ट झालेले, पंधरा-वीस वर्षं आसपासच्या यात्रांत शेवटची जोड त्यांचीच. समोर विशीतलं पोरगं. खडाखडी बराच वेळ चालली. पोरानं दोनदा पट काढायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी मान दाबून त्याला बाजूला केलं. मग त्यांचा श्वास वर लागलेला मला दिसला. पोट जोरात हलायला लागलं आणि हात गुडघ्यावर जायला लागले. पोरानं तिसऱ्यांदा पट काढला, कब्जा घेतला, घिस्सा ओढला. एक खांदा टेकला. दुसरा टेकला असं पंचाला दिसलं, त्यानं हात वर केला, हलगी थांबली.

आणि माणसं उठली. त्यांच्या गावचे म्हणाले, दुसरा खांदा बोटभर वर होता. पोराच्या गावचे म्हणाले, पाठ बघा की. तिसरे म्हणाले, ही नूरा कुस्ती, पैसे वाटून घेतले असणार. आणि कडेला बसलेली जाणती माणसं एवढंच म्हणत होती की यांनी उतरायलाच नको होतं. अंधार पडला तरी कुणी हलेना. पुढं त्या मल्लांना लोक विचारत राहिले. गावच्या पारावर ते सांगत, ‘नाही टेकला.’ आपल्या वस्तादांसमोर मात्र, मी तिथं होतो, ते म्हणाले, ‘टेकला वस्ताद, दम राहिला नव्हता.’ मला ही दोन्ही उत्तरं खरी वाटतात. गावाला जे हवं होतं ते त्यांनी गावाला दिलं, आणि वस्तादांना द्यायचं ते वस्तादांना.

हा वाद आपल्याकडं फार जुना आहे. रहीम बक्ष सुलतानीवाला हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातला सर्वांत मानाचा मल्ल. उंचापुरा, पण वय झालेलं. तरुण आणि त्याच्यापुढं ठेंगणा दिसणारा गामा त्याच्याशी पुन्हा पुन्हा लढला आणि कुस्त्या बरोबरीत सुटत गेल्या. गामा इंग्लंडहून परतल्यावर अलाहाबादला दोघं पुन्हा भिडले, रहीमच्या बरगडीला मार बसला आणि गामा रुस्तुम-ए-हिंद झाला. गामा मोठा झाला की रहीम म्हातारा झाला, हा प्रश्न जुने वस्ताद आजही घालतात. माझं मत असं की बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्यांनी रहीमचा मान राखला होता. जुन्या पंचांना ती रीत माहीत होती. नामांकित मल्ल थकतोय आणि समोरच्यालाही चीत करता येत नाही असं दिसलं, की दोघांचे हात वर करून कुस्ती सोडवायची. त्याला कुणी पळवाट म्हणो, मी म्हणत नाही.

गामाची दुसरी गोष्ट तर आणखी विचार करायला लावते. 10 सप्टेंबर 1910 ला लंडनमध्ये पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को त्याच्यासमोर अडीच तास मॅटवर पोटावर पडून राहिला आणि कुस्ती निकाली झालीच नाही. आठवड्यानं पुन्हा लढायचं ठरलं, झिबिस्को आलाच नाही. मग जानेवारी 1928 मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा मातीत उतरवलं. गामानं एका मिनिटाच्या आत त्याला चीत केलं. आपल्याकडं हे फार अभिमानानं सांगतात, पण त्या दिवशी दोघंही पन्नाशीच्या घरात होते हे सांगायचं राहून जातं. झिबिस्को म्हातारा होता म्हणून हरला म्हणावं, तर जिंकणाराही तेवढ्याच वयाचा होता. ज्याला वयावर वाद घालायचा आहे त्यानं ही कुस्ती आधी सोडवून दाखवावी.

आपल्या महाराष्ट्रात अशा निकाली कुस्त्यांना घर दिलं ते शाहू महाराजांनी. 1912 साली कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचं उद्‌घाटन झालं ते गामाचा भाऊ इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीनं. मातीचा हौदा मधोमध आणि लोक चहूबाजूंनी वर चढत गेलेले, अशी ती रचना. पाठीवरची माती मागच्या माणसालाही दिसावी इतकी चांगली. आमच्या भागातल्या जुन्या माणसांनी खासबागेत कुस्ती बघितल्याचं सांगितलं की बाकीचे गप्प बसून ऐकायचे.

पुढं नियम बदलले आणि वादही बदलला. 1953 मध्ये मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद काढली. 1961 पासून महाराष्ट्र केसरी किताबाची स्पर्धा सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. माती आणि गादी असे दोन विभाग झाले, दोन्हीकडचे विजेते शेवटी गादीवर भिडू लागले. आता तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, त्यात गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. गादीला माती नसते. पाठीवर काहीच राहत नाही. साक्ष द्यायला उरतो तो पंच आणि कॅमेरा. म्हणून हरलेल्याच्या दमावर, वयावर, त्याच्या खुराकावर जे बोलणं व्हायचं, ते सगळं पंचावर जाऊन बसलं.

जानेवारी 2023 मध्ये कोथरूडला मोहोळच्या सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडनं बाहेरची टांग मारली, चार गुण मिळाले, आणि सिकंदर धोकादायक स्थितीत गेला होता की नव्हता यावर आमच्याकडं हॉटेलाहॉटेलांत मोबाईल हातात घेऊन माणसं भांडली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला आधी किताब मिळवलेला शिवराज राक्षे पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीत दिला गेला. पाठ टेकलीच नाही म्हणत त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन होऊ शकत नाही. पण चीतपटीचा निर्णय दोन कॅमेऱ्यांतून पुन्हा तपासायला काय हरकत आहे, हेही मला कळत नाही. त्याच वादात डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी 2009 च्या आपल्या पराभवाची जखम पुन्हा उघडी केली आणि आपल्या गदा परत करायची भाषा केली. पंधरा-सोळा वर्षांनीही एवढी सल, यावरून टेकलं-नाही-टेकलं या प्रश्नाचं वजन कळावं.

वयाचा प्रश्न मात्र या सगळ्यात मागं पडला, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. मुष्टियुद्धाच्या चाहत्यांनी तो 2 ऑक्टोबर 1980 ला लास वेगासमध्ये पाहिला. 38 वर्षांचा महंमद अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला. होम्स एकेकाळी अलीच्याच सरावात त्याच्याशी हात करायचा. दहाव्या फेरीनंतर अलीच्या कोपऱ्यातून लढत थांबवावी लागली. होम्स जिंकूनही रडला म्हणतात. आमच्याकडं एका तालमीतल्या दोघांची जोड लावत नाहीत, ती रीत यासाठीच आहे. ज्यानं आपल्याला जोर-बैठका शिकवल्या त्याची पाठ लावायची पाळी कुठल्याही पोरावर येऊ नये.

आणि वय झालेल्या मल्लाला फडाबाहेर वाट होती, तीही आपल्याच मोठ्या माणसांनी दाखवली. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदकं घेतलेले हिंदकेसरी गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून बसले आणि शेवटपर्यंत पोरं घडवत राहिले. 1977 साली बेळगावात सतपालला हरवणारे हरिश्चंद्र बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत तेच करत होते. सगळ्यांना तालीम मिळत नाही, हे खरं. गावाकडच्या मल्लाला ऊस नसेल, मुलं शिकत असतील, तर यात्रेचं इनाम हीच त्याची कमाई. म्हणून तो चाळिशीतही लांग लावतो.

यंदा आमच्या शेजारच्या गावच्या यात्रा कमिटीत मी मांडलं की चाळिशीपुढच्या नामांकित मल्लाला मानाच्या जोडीत उतरवू नका. त्याला फेटा बांधा, हलगीवर आखाड्याभोवती फिरवा, नारळावरच्या कुस्त्यांना पंच म्हणून उभा करा, आणि शेवटच्या जोडीएवढीच बिदागी द्या. दोघं लगेच तयार झाले. बाकीच्यांचं म्हणणं, ‘आण्णा, गर्दी त्यांच्याच नावावर जमते, ते लढणार नाहीत म्हटल्यावर तीन तालुके कशाला येतील?’ मी म्हटलं, नुसतं बघायला येतील. बैठक तिथंच उठली. पुढची गुढीपाडव्यानंतर ठरली आहे.