छाप बदलला, शेत पडीकच राहिले



नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना काही जण आजही 'पांडवलेणी' म्हणतात. आम्ही तरुणांना तिथे नेतो तेव्हा पांडवांच्या गोष्टी सांगत नाही, शिलालेख दाखवतो. युद्ध का होते आणि कसे संपते, हे तिथे कोरलेले आहे.

एका लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याची दाने आहेत. दुसऱ्या लेण्यात त्याच क्षहरातांचा निर्वंश केला म्हणून गौतमी बलश्री आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती करते. ही लढाई धर्मासाठी नव्हती. भिक्खुसंघाला दोघेही दान देत होते. घाटवाटा, बंदरे आणि व्यापार कोणाच्या ताब्यात, हा खरा वाद होता. १९०६ साली जोगळटेंभीला नहपानाची १३,००० वर चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० वर नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारला आहे. राजांचे युद्ध असे संपते.

आणि प्रजेचे? सातकर्णीने राज्यवर्ष १८ मध्ये विजयी सैन्याच्या छावणीतून २०० निवर्तने शेत भिक्खूंना दिले. राज्यवर्ष २४ चा लेख म्हणतो, पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही; म्हणून दुसरी १०० निवर्तने दिली. गाव का उजाड झाले ते लेखात नाही. पण विजयाने नांगर चालत नाही, एवढे दिसते.

बलश्रीच्या लेखात आणखी एक बढाई आहे: मुलाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. शत्रू संपला, पण माणसामाणसांतली भिंत पक्की झाली. तीच भिंत २ मार्च १९३० रोजी याच नाशकात, काळाराम मंदिराच्या बंद दाराशी, बाबासाहेबांच्या सत्याग्रहींसमोर उभी होती. तलवारी म्यान होत्या. याला शांतता म्हणायचे का?

मग शांतता कशी येते? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य कोलियांशी युद्ध करू पाहतात. सिद्धार्थ तोडगा सुचवतो: दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा. शाक्य संघाने बहुमताने ते नाकारले. पण मार्ग तोच आहे: निवाड्यात दोन्ही बाजूंना सारखी जागा.

म्हणून मित्रांनो, गावात तंटा झाला आणि शांतता कमिटी बसली, की आधी एवढेच मोजा: तिथे आपली माणसे किती, आणि त्यांना कोणी निवडले?

नमो बुद्धाय!