आयर्लंडमधील कॅथलिक व प्रॉटेस्टंट परंपरा

आयर्लंड बेटावरील ख्रिस्ती समाज सुमारे चार शतके ज्या दोन तटांत विभागलेला आहे, त्यांना कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशी धार्मिक नावे असली, तरी पोपचा अधिकार, संतांची उपासना किंवा मिस्सेचा अर्थ यांविषयीच्या शास्त्रार्थावर ही विभागणी टिकलेली नाही. जमिनीची मालकी, पूर्वजांचा मुलूख, राजनिष्ठा आणि जयापजयांच्या आठवणी यांनी ती पोसली आहे. पंथ हा तेथे विचारान्ती पत्करलेल्या मतापेक्षा जन्माने मिळालेल्या कुळाशी अधिक जुळतो. देव न मानणारा मनुष्यही कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट म्हणूनच ओळखला जातो, आणि यात आपल्याकडील वाचकाला फारसे नवल वाटू नये.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडून १५४१ साली आयरिश पार्लमेंटकडून स्वतःस आयर्लंडचा राजा म्हणवून घेतले, तेव्हा धर्मसुधारणा या बेटावर सरकारी हुकमाने आली. लोकांच्या भाषेत बोलणारे उपदेशक तिला फारसे लाभले नाहीत; गेलिक बोलणारी बहुसंख्य रयत आणि पूर्वीच येऊन रुजलेली बहुतेक इंग्रज घराणी कॅथलिकच राहिली. उत्तरेकडील अल्स्टर प्रांताची गोष्ट मात्र निराळी. तेथील गेलिक सरदार १६०७ मध्ये देशत्याग करून युरोपात निघून गेल्यावर राजाने त्यांचा मुलूख जप्त केला आणि १६०९ पासून तो सनदा देऊन नव्या वसाहतकऱ्यांना वाटला. स्कॉटलंडहून आले ते बहुतांशी प्रेसबिटेरियन, इंग्लंडहून आले ते अँग्लिकन, आणि जुनी कुळे हळूहळू डोंगराळ, नापीक जमिनीकडे रेटली गेली. उत्तरेतील आजच्या वस्त्यांचा नकाशा पुष्कळ अंशी या सनदांचाच नकाशा आहे. १६४१ च्या उठावात वसाहतकऱ्यांच्या झालेल्या कत्तली प्रॉटेस्टंटांच्या स्मृतीत राहिल्या, १६४९ मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलने द्रॉहेडा व वेक्सफर्ड येथे केलेल्या कत्तली कॅथलिकांच्या. एका बाजूची यादी दुसरीच्या घरी सहसा सापडत नाही.

इंग्लंडच्या गादीवरून हटलेला कॅथलिक राजा दुसरा जेम्स याच्या सैन्याने १६८९ साली डेरी शहरास घातलेला १०५ दिवसांचा वेढा आणि पुढच्या वर्षी बॉइन नदीकाठी त्याच्या गादीवर आलेल्या ऑरेंज घराण्यातील प्रॉटेस्टंट विल्यमने केलेला त्याचा पराभव, ही प्रॉटेस्टंट परंपरेची दोन आद्य आख्याने होत. बॉइनची लढाई जुन्या पंचांगाप्रमाणे १ जुलैस झाली. १२ जुलै ही वस्तुतः १६९१ मधल्या, बॉइनहून कितीतरी अधिक रक्तरंजित अशा ऑक्रिमच्या लढाईची तारीख. पंचांग बदलले, आठवणींची सरमिसळ झाली, आणि १२ जुलैला विजय साजरा होतो तो बॉइनचा. ही लढाई निव्वळ धर्मयुद्ध होती असेही नव्हे; विल्यमच्या फौजेत कॅथलिक शिपाई होते, आणि नुकताच निवर्तलेला पोप अकरावा इनोसंट याचे हाडवैर होते ते जेम्सचा पाठीराखा जो फ्रान्सचा चौदावा लुई त्याच्याशी. पण प्रॉटेस्टंट वस्त्यांतील भिंतीवरच्या चित्रात पांढऱ्या घोड्यावरील विल्यमच तेवढा दिसतो.

१६९१ च्या लिमेरिकच्या तहात कॅथलिकांना दिलेली अभये पुढील दोन दशकांतल्या दंडक कायद्यांनी निरर्थक ठरविली. १६९५ च्या कायद्यान्वये कॅथलिकाला पाच पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचा घोडा बाळगण्यास मज्जाव होता. जनावर कितीही उमदे असो, प्रॉटेस्टंट गिऱ्हाइकाने पाच पौंड पाच शिलिंग पुढे केले की ते त्याच्या स्वाधीन करावे लागे. घोडा हे लढाईचे साधन, हे खरे. पण अशा कायद्यात सरकारी सावधगिरीहून शेजाऱ्याचा मत्सर अधिक दिसतो. त्याहून दूरगामी ठरला १७०४ चा वारसाकायदा. कॅथलिक जमीनदार वारला की त्याची मिळकत सर्व मुलांत सारखी वाटावी, मात्र थोरला मुलगा प्रॉटेस्टंट झाल्यास सगळी त्यालाच मिळावी, अशी त्यात तजवीज होती. वाटण्यांनी जमिनीचे तुकडे पडतात हे आपण दुर्दैव मानतो. तेथे ते एका समाजास निर्धन करण्याचे शस्त्र झाले. १६४१ मध्ये निम्म्याहून अधिक जमीन कॅथलिकांकडे होती, ती १७०३ पर्यंत सुमारे १४ टक्क्यांवर आली होती. जामीन देऊन सरकारदरबारी नाव नोंदविलेल्या धर्मगुरूंनाच उपासनेची मुभा होती. उघड्या माळावर एखाद्या खडकाची वेदी करून म्हटलेल्या मिस्सेची आठवण सांगणारे ‘मिस्सेचे खडक’ आजही दाखविले जातात.

या इतिहासात तिसरा पक्ष नेहमी विसरला जातो. १७०४ च्याच कायद्यातील एका कलमाने प्रेसबिटेरियनांनाही सरकारी अधिकारपदे बंद झाली, त्यांच्या पाळकांनी लावलेली लग्ने कायद्याला मान्य नव्हती, आणि प्रस्थापित अँग्लिकन चर्चचा दशांश मात्र त्यांनाही चुकला नव्हता. त्यांच्यातील हजारो कुटुंबे अमेरिकेस गेली. मागे राहिलेल्यांपैकी बेलफास्टच्या व्यापाऱ्यांनी १७९१ मध्ये ‘युनायटेड आयरिशमेन’ ही संघटना काढून कॅथलिकांशी हातमिळवणी केली. तिचा प्रवक्ता वुल्फ टोन स्वतः अँग्लिकन होता. तिने केलेल्या १७९८ च्या बंडात अँट्रिम व डाउन परगण्यांत शस्त्र उचलणारे पुष्कळसे प्रेसबिटेरियनच होते, आणि त्यांची नातवंडे पुढे ब्रिटिश राजनिष्ठेची कट्टर पुरस्कर्ती झाली. याच काळात, १७९५ साली, आर्मा परगण्यातील शेतकऱ्यांच्या दंगलीतून प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज संघाचा जन्म झाला.

एकोणिसाव्या शतकात डॅन्येल ओकॉनेलच्या चळवळीने १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडून दिले. १८४५ नंतरच्या महादुष्काळात काही ठिकाणी धर्मांतराच्या मोबदल्यात अन्न दिले गेले, आणि ‘सूप प्यालेला’ हे विशेषण धर्म विकणाऱ्याला कायमचे चिकटले. बहुतेक प्रॉटेस्टंट मदतकार्य निरपेक्ष होते हे त्या शब्दापुढे कोणी ऐकून घेतले नाही. दुष्काळानंतर कार्डिनल पॉल कलन याने शिस्त आणली, आणि विहिरींच्या जत्रांत रमणारा सैल लोकधर्म जाऊन रविवारची मिस्सा न चुकविणारा समाज घडला. अनवाणी पायांनी होणारी लॉक डर्ग सरोवरातील बेटाची यात्रा मात्र टिकली. मराठी वाचकाला ‘होमरूल’ हा शब्द १९१६ मधील लोकमान्य टिळकांच्या संघामुळे परिचित आहे. तो ज्या आयर्लंडातून आला तेथे ‘होमरूल म्हणजे रोम-रूल’ ही प्रॉटेस्टंटांची घोषणा होती. पार्नेलसारखा होमरूलचा पुढारी स्वतः प्रॉटेस्टंट असूनही ही भीती ओसरली नाही. सप्टेंबर १९१२ मध्ये अल्स्टरच्या होमरूलविरोधी प्रतिज्ञापत्रकांवर पावणेपाच लाखांच्या आसपास स्त्रीपुरुषांनी सह्या केल्या, आणि १९२१ मध्ये उत्तर ब्रिटनकडे ठेवून देशाची फाळणी झाली.

दक्षिणेच्या राज्यात १९३७ च्या घटनेने कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिले. ते कलम १९७२ मध्ये रद्द झाले. या राज्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड प्रॉटेस्टंट पाळकाचा मुलगा आणि गेलिक भाषेच्या पुनरुज्जीवनाचा प्रणेता होता. तो १९४९ साली, योगायोगाने १२ जुलैसच, वारला. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये त्याचा अंत्यविधी चालू असता कॅथलिक मंत्रिमंडळ, एका मंत्र्याचा अपवाद वगळता, बाहेर मोटारींत बसून राहिले, कारण परपंथीयांच्या उपासनेस हजर राहणे त्यांच्या चर्चला नामंजूर होते. मिश्र विवाहांत मुलगे बापाच्या व मुली आईच्या पंथात, अशी जुनी समजूतदार वहिवाट होती. १९०८ पासून अमलात आलेल्या पोपच्या फर्मानानंतर सर्व मुले कॅथलिक करण्याचे वचन कटाक्षाने घेतले जाऊ लागले. १९५७ मध्ये वेक्सफर्ड परगण्यातील फेदर्ड गावी एका प्रॉटेस्टंट पत्नीने मुलींना कॅथलिक शाळेत घालण्याऐवजी त्यांच्यासह घर सोडले, तेव्हा गावाने प्रॉटेस्टंट दुकानदारांवर बहिष्कार टाकला. पंतप्रधान डी व्हॅलेरा याने त्याचा जाहीर निषेध केला. बिशपकडून क्षमायाचना व्हायला १९९८ साल उजाडले.

उत्तरेत माणसाचा पंथ न विचारता ओळखण्याची कला परिणत झाली आहे. नाव, शाळा, खेळ (हर्लिंग की हॉकी), शहराला ‘डेरी’ म्हणणे की ‘लंडनडेरी’, एवढ्यावर निर्णय होतो. इंग्रजी वर्णमालेतील आठवे अक्षर कॅथलिक शाळेत शिकलेला बहुधा ‘हेच’ म्हणतो, प्रॉटेस्टंट ‘एच’. परपंथीयाला ‘दुसऱ्या पायाने खणणारा’ म्हणतात. फावड्याच्या पात्यावर कोणता पाय दाबायचा यावरून तो वाक्प्रचार आला. जुलै महिन्यात नारिंगी पट्टे व गोल टोप्या घालून ऑरेंज संघाच्या मिरवणुका निघतात. त्यांच्या परंपरेतील लॅम्बेग नगारा तीन फुटांहून अधिक व्यासाचा असून शेळीच्या कातड्याने मढविलेला असतो. तो गळ्यात अडकवून दोन्ही तोंडांवर वेताच्या छड्यांनी बडवितात, आणि वाजविणाऱ्याला स्वतःच्या पोटापुढचा रस्ता दिसत नाही. मिरवणूक कॅथलिक वस्तीतून जावी की नाही, यावर पोर्टाडाउनजवळील ड्रमक्री येथे १९९५ नंतर वर्षानुवर्षे दंगे झाले.

१९६० च्या दशकाअखेरीस पेटलेल्या आणि १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने पुष्कळ अंशी शमलेल्या उत्तरेतील सशस्त्र संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. बेलफास्टमध्ये फॉल्स व शँकिल या शेजारी वस्त्यांच्या मधली भिंत मात्र उभीच आहे. दरम्यान श्रद्धेला ओहोटी लागली आहे. दक्षिणेत २०२२ च्या खानेसुमारीत ६९ टक्के लोकांनी स्वतःस कॅथलिक म्हटले. उत्तरेत २०२१ साली १७ टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘धर्म नाही’ असे लिहिले. पण तेथील पत्रकात ‘कोणत्या धर्मात वाढलात’ हा पुरवणी प्रश्न असतोच, आणि त्याच्या उत्तरांनी कॅथलिक ४५.७ व प्रॉटेस्टंट ४३.५ टक्के भरले, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या कायम बहुमतासाठी आखलेल्या या प्रांतात कॅथलिकांची संख्या प्रथमच पुढे गेली. नोकऱ्यांतील पक्षपात थांबावा म्हणून १९८९ च्या कायद्यापासून मालकांवर नोकरांच्या पंथाची नोंद ठेवण्याची सक्ती आहे, आणि आता ती दहाहून अधिक नोकर असलेल्या प्रत्येक मालकाला लागू आहे. उमेदवाराने तो रकाना कोरा सोडला, तर मालकाने त्याच्या अर्जातील प्राथमिक शाळेचे नाव पाहून तो भरावा, अशी त्यात सोय आहे.