सेल्फ मारू नका! २६ जुलैच्या पाण्यातल्या एका इंजिनाचा घटनाक्रम

२६ जुलै २००५, मुंबई. खालच्या घटनाक्रमातला पाऊस, भरती आणि मिठी नदीचा पूर खरा आहे. गाडी कुणा एकाची नाही. दीड लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि बाहेरून बसवून घेतलेला कोल्ड एअर इनटेक, अशी गाडी त्या दुपारी फोर्टहून कलिन्याकडे निघाली असती तर काय झालं असतं, याचा हा हिशेब आहे. आजही दर पावसाळ्यात कुठे ना कुठे इंजिनं याच क्रमाने जातात.

काही महिने आधी

अनर्थाची सुरुवात गॅरेजमध्ये होते. कंपनीने दिलेल्या एअर बॉक्सचं तोंड बोनेटच्या कडेला, हेडलाइटच्या मागे, उंचावर असतं. तिथे इंजिनाची गरम हवा खेचली जाते, म्हणून तो बॉक्स काढून लांब नळी बसवली जाते आणि तिच्या टोकाचा उघडा फिल्टर बंपरच्या मागे, पुढच्या चाकाजवळ खाली उतरवला जातो. हाच कोल्ड एअर इनटेक. हवा १० अंशांनी थंड मिळाली तर ती साधारण ३ टक्के दाट होते; तेवढाच प्राणवायू जास्त, तेवढीच ताकद जास्त. फायदा खराच आहे. पण इंजिनाचं नाक आता गुडघ्याच्याही खाली आलेलं असतं.

सकाळी ९:०० – साडेसात तास आधी

गाडी फोर्टला पोहोचते. रस्ते ओले आहेत, फिल्टरवर तुषार उडत आहेत. याने काही बिघडत नाही. ओला फिल्टर श्वास घेऊ शकतो; धोका तो पूर्ण बुडण्याचा असतो. आतापर्यंतच्या सरींत काहीच झालं नाही, म्हणून पुढेही होणार नाही, असा विश्वास इथेच तयार होतो.

दुपारी २:१५ – सव्वादोन तास आधी

उपनगरांत ढग कोसळायला लागले आहेत. दक्षिण मुंबईत मात्र नेहमीचा पाऊस आहे. खिडकीतून दिसणाऱ्या पावसावर भरवसा ठेवून हजारो माणसं घरी निघतात. ही गाडीही निघते.

दुपारी ३:१५ – सव्वा तास आधी

माहीम. वाहनं एकमेकांना चिकटून सरकत आहेत. पाणी टायरच्या तळाशी आहे. मागे फिरायची ही शेवटची बरी वेळ. गाडी उंचावर लावून पायी निघालं तर इंजिनही वाचतं आणि माणूसही.

दुपारी ३:५० – चाळीस मिनिटं आधी

समुद्राला सुमारे साडेचार मीटरची भरती आहे. मिठीला वरून पूर आणि खालून समुद्र, त्यामुळे पाण्याला वाटच नाही. कलानगरच्या पुढे पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येतं. मूळ एअर बॉक्स असता तर त्याचं तोंड अजून बरंच वर राहिलं असतं. इथे फिल्टरचा खालचा अर्धा भाग बुडाला आहे आणि वरच्या अर्ध्या भागातून इंजिन श्वास घेतं आहे. आत बसलेल्याला काहीच कळत नाही.

दुपारी ४:२० – दहा मिनिटं आधी

समोरून बस येते. तिने ढकललेली लाट बंपरवर आदळते आणि फिल्टर पूर्ण बुडतो. हवा बंद झाली तरी पिस्टन खेचतच राहतात. नळीतून पाणी ६० सेंटिमीटर वर चढवायला वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम ६ टक्के ओढ पुरते. इंजिनाची ओढ त्याहून कितीतरी जास्त असते. शहाळ्यातलं पाणी नळीने ओढावं तसं रस्त्यावरचं पाणी वर चढतं.

इंजिन गचके खातं आणि बंद पडतं. गाडी रांगत होती, पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, म्हणून आत थोडंच पाणी गेलं आहे. या क्षणी इंजिन बहुधा वाचलेलं आहे. पुढची दहा मिनिटं सगळं ठरवणार आहेत.

दुपारी ४:३० – अनर्थ

मागून हॉर्न वाजत आहेत, पाणी चढतं आहे. हात किल्लीकडे जातो.

या इंजिनाच्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे ३७५ घन सेंटिमीटर. पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्या डोक्यावर उरते ती जागा सुमारे ४० घन सेंटिमीटर, म्हणजे आठ चहाचे चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आठ चमच्यांहून जास्त पाणी असेल तर पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही.

सेल्फ मारताच नळीत साचलेलं पाणी एका सिलिंडरमध्ये उतरतं. शेजारचा सिलिंडर पेट घेतो आणि आपल्या स्फोटाच्या जोराने क्रँकशाफ्ट फिरवतो. पाण्याने अडलेल्या पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड तो जोर पेलू शकत नाही. एक जड ठोका ऐकू येतो आणि रॉड वाकतो. वेगात असताना हेच झालं तर रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

दुपारी ४:४५ – पंधरा मिनिटांनंतर

आता प्रश्न इंजिनाचा राहिलेला नाही. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. वायरिंगमध्ये पाणी शिरलं तर काचाही उतरत नाहीत. त्या दिवशी मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गुदमरून गेली. गाडी पाण्यात बंद पडली की आधी काच उतरवा, माणसं बाहेर काढा, उंचावर जा. जाणारं इंजिन जाऊ द्या.

२७ जुलै, सकाळी ८:३०

सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांची नोंद होते: ९४४ मिलिमीटर. कुलाब्यात त्याच २४ तासांत ७३.

त्यानंतर

वाचवता येणारी कितीतरी इंजिनं पाणी ओसरल्यावर जातात. ऊन पडतं, गाडी वरून वाळते आणि कुणीतरी म्हणतं, ‘एकदा सेल्फ मारून बघू.’ बघू नका. बॅटरीची तार काढा आणि गाडी टोचन करून गॅरेजला न्या. मेकॅनिक प्लग काढेल, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर टाकेल, ऑइल दुधी झालंय का ते पाहील आणि बदलेल. रॉड सरळ असेल तर हे एवढ्यावर भागू शकतं. वाकला असेल तर पूर्ण इंजिन उघडावं लागतं. साध्या विमा पॉलिसीत हा खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं, आणि कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो.

नळीत बसवायचा बायपास व्हॉल्व्ह मिळतो. फिल्टर बुडाला की तो वरून हवा आत घेतो. मात्र पाणी व्हॉल्व्हपर्यंत चढलं की त्याचा उपयोग संपतो, आणि टर्बो इंजिनाला तो चालत नाही.

खात्रीचा उपाय एकच आहे, आणि तो घरच्या माळ्यावर पडलेला असतो. मे संपण्याआधी मूळ एअर बॉक्स परत बसवून घ्या. चार महिने थोडी ताकद कमी मिळेल, पण श्वास उंचावरून घेतला जाईल. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच, तर किल्लीला हात लावू नका.