धुळे जेलमधले अठरा रविवार

मंडळी, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे दुय्यम काम, असं आमच्या इंजिनिअर लोकांना वाटतं. आता आपलं धुळ्याचं जेल बघा. 21 फेब्रुवारी 1932 पासून दर रविवारी विनोबा तिथल्या कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे. एका रविवारी एक अध्याय. 19 जूनला अठरावा. रेकॉर्डर नाही, पॉज बटण नाही. समोर बसून साने गुरुजी झरझर लिहून घ्यायचे. अमळनेरच्या शाळेत शिकवलेला हा माणूस पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणार होता! पण धुळ्यात त्यांनी दुसऱ्याचे शब्द टिपले, आणि त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. कव्हरवर नाव विनोबांचं, ते बरोबरच. पण गुरुजींची लेखणी नसती, तर ते बोलणं जेलच्या भिंतींआडच विरलं असतं.