शाळेच्या पटावरील पूर्वज

दर्गा-ए-हकीमीमुळे दूरवर परिचित असलेला लोधीपुरा असो वा बुऱ्हाणपुरातील अन्य एखादा पुरा, तेथील जुन्या मराठी घरी ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारले, की बहुधा तापीपलीकडे बोट दाखवले जाते. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि १८६० मध्ये इंग्रजी अमलाखाली आले. या स्थित्यंतरांत कोणते घराणे केव्हा आले, हे सांगणारा कागद मात्र क्वचितच आढळतो.

जनगणना येथे उपयोगी पडत नाही. १९४८ च्या कायद्यान्वये व्यक्तिगत नोंदी गोपनीय असल्याने आपल्या हाती केवळ बेरजा येतात. नावानिशी माणूस भेटतो तो शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत. मुलाचे व पालकाचे नाव, जात, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण अशा रकान्यांतून एका ओळीत एक संसार उभा राहतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अशा शालेय दप्तराचे मोल सर्वांनाच कळले.

शोध घरातूनच सुरू करावा, असे आम्ही सुचवू. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नोंदणी क्रमांक घेऊन मूळ वही पाहावी. ‘पूर्वीची शाळा’ हा रकाना मागच्या गावाची वाट दाखवतो. जवळपासच्या वर्षांची पानेही चाळावीत. भावंडे तेथेच सापडतात. मात्र जन्मतारखेवर विसंबू नये. १ जुलै ही तारीख बहुधा गुरुजींच्या सोयीची असते. आडनावही लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे बदलते. म्हणून प्रत्येक नोंद जमिनीच्या कागदांशी वा जन्ममृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहावी.

आम्हांला या वह्यांचे खरे मोल आणखी एका कारणाने वाटते. वंशवृक्षात मुलींच्या फांद्या बहुधा काढलेल्याच नसतात. लग्नानंतर नाव बदललेल्या आजीचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव व तिची शेवटची इयत्ता कदाचित केवळ या वहीतच उरलेली असते. वाळवी आणि ओल मात्र कोणासाठी थांबत नाहीत. ते पान आहे तोवर शाळेची अनुमती घेऊन त्याची नक्कल करून ठेवणे, एवढे ऋण तरी आपण फेडावे.