राशींचे नवरा-नवरी

रुखवताला आपण आता हौस म्हणतो, पण त्याचा जन्म हौसेतून झालेला नाही. लग्नाआधी वधूकडच्यांनी वरपक्षाच्या जानवशावर पाठवलेला फराळ, हे मूळचे रुखवत. बैलगाडीतून लांबून आलेले वऱ्हाड भुकेलेले असायचे. त्यांच्यासाठी लाडू, करंज्या, अनारशांच्या दुरड्या जायच्या. मग फराळाबरोबर मुलीच्या हातचे कामही जाऊ लागले. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, खोबऱ्याच्या वाट्यांवरची नक्षी, सुपारीचे नवरा-नवरी. मुलीला काय काय येते, ते सासरच्या बायकांना न बोलता सांगायची ती जागा. पुढे मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, कार्यालयांत केटरर आले. फराळ गेला, क्रोशा गेला. पण ते टेबल राहिले आणि त्यावरची बाहुला-बाहुलीची जोडी राहिली.

ही जोडी फक्त आपल्या मराठी घरांतलीच नाही. बेळगाव भागात राहणाऱ्या आम्हा बायकांना तिचे दोन माहेर ठाऊक असतात. एक भातुकलीचे, जिथे चिंध्यांच्या बाहुलीला मुंडावळ्या बांधून शेजारच्या आळीतल्या बाहुल्याशी तिचे लग्न लागायचे आणि वरमाईचा रुसवासुद्धा खरा असायचा. दुसरे कानडी गोंब्यांचे. म्हैसूरकडे दसऱ्याला घरोघरी बाहुल्या मांडतात. त्यांत मधोमध असतात पट्टद गोंबे, म्हणजे लाकडी राजा-राणी. ही जोडी मुलीला लग्नात माहेरहून मिळते आणि ती आपल्या घरी त्यांना दरवर्षी नवे कपडे शिवते. तमिळ घरांत रक्तचंदनाच्या लाकडाची मरप्पाची जोडी असते, तिचीही रीत अशीच.

कारागीरही आमच्या हाताशी. आमच्याच जिल्ह्यात गोकाकची रंगीत लाकडी खेळणी होतात. कोप्पळकडे किन्नाळ आहे. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथले चितारी लाकडी फळे आणि पाट रंगवतात तसे गंजिफा, म्हणजे गोल पत्तेही रंगवतात. त्यांचा दशावतारी गंजिफा बऱ्याच जणींनी पाहिला असेल. पण सावंतवाडीत राशी गंजिफाही होता, हे फार कमी जणींना माहीत आहे. बारा राशींचे बारा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा पाने, असे एकूण १४४ पत्ते. ही कला विझत आली होती, तेव्हा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या चिताऱ्यांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. सत्वशीलादेवी माहेरच्या बडोद्याच्या गायकवाड. म्हणजे बडोद्याची लेक सावंतवाडीला सून म्हणून आली आणि तिने सासरची कला जगवली. राशींच्या बाहुल्या करायचे माझ्या डोक्यात आले, त्यामागे हा राशी गंजिफा आहे. मेष-वृषभ पत्रिकेतून उतरून खेळात येऊ शकतात, हे तिथल्या चिताऱ्यांनी माझ्या कितीतरी आधी ओळखले होते.

आता या राशी आल्या कुठून? आपल्याला वाटते, नक्षत्रांसारख्याच त्या अनादि काळापासून इथल्याच. तसे नाही. श्वेतांबर आगमांतली सूर्यप्रज्ञप्ती उघडली, तर तिथे अभिजित धरून २८ नक्षत्रे आहेत, पाच वर्षांचे युग आहे, जंबुद्वीपात मेरूभोवती फिरणारे दोन सूर्य आणि दोन चंद्र आहेत. बारा राशी नाहीत. वेदांगज्योतिषातही नाहीत. आकाशाच्या वाटेचे बारा सारखे भाग करणे हे बाबिलोनचे काम. तिथून ते ग्रीकांकडे गेले आणि ग्रीकांकडून, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, आपल्याकडे आले. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर मिरी-मोती जात होते, तसे हे ज्ञान येत होते.

येताना ग्रीक नावेही आली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहज्जातकात ती नोंदवून ठेवली आहेत: मेषेला क्रिय, वृषभाला तावुरि, मिथुनाला जितुम, सिंहाला लेय, कन्येला पाथोन, तुळेला जूक. होरा हा शब्द ग्रीक, केंद्र हाही ग्रीक. आणि लग्नाच्या बोलणीत ज्यावरून सगळे अडते, ते पत्रिकेतले सातवे स्थान, जोडीदाराचे घर, त्याचे शास्त्रातले नाव जामित्र. हा शब्द ग्रीक ‘डायामेट्रॉन’वरून आला आहे. त्याचा अर्थ व्यास, म्हणजे वर्तुळात बरोबर समोरासमोर असलेले. आपण ज्याला आपल्या धर्माचा अनादि नियम समजून घाबरतो, त्याचे नावच परदेशी आहे.

राशी इथे इतक्या रुजल्या की पुढे जिथे नाहीत तिथेही लोकांना त्या दिसू लागल्या. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात पडवीच्या भिंतीवर एक मोठे चक्र रंगवले आहे. पूर्वीच्या साहेबलोकांनी ते राशिचक्र समजून त्या लेण्याला राशींचे लेणे असे नाव देऊन टाकले. खरे म्हणजे ते बौद्धांचे भवचक्र आहे. खऱ्या राशी पाहायच्या तर शृंगेरीला जावे. तिथल्या विद्याशंकर मंदिरात बारा खांबांवर बारा राशी कोरलेल्या आहेत.

वराहमिहिराने राशींची रूपेही सांगितली आहेत. ती वाचताना मला बाहुल्याच दिसू लागल्या. मिथुन म्हणजे नुसती जुळी मुले नव्हेत. गदा घेतलेला पुरुष आणि वीणा घेतलेली स्त्री. म्हणजे राशिचक्रात एक जोडपे आधीपासून उभेच आहे! तूळ म्हणजे बाजारात तराजू धरलेला माणूस. धनु म्हणजे कमरेखाली घोडा असलेला धनुर्धारी. आपला नवरदेव घोड्यावरून येतो, त्याच्यासाठी याहून चांगले रूप कुठले? मकर म्हणजे हरणाच्या तोंडाची मगर. कुंभ म्हणजे रिकामी घागर घेतलेला पुरुष. मीन म्हणजे एकीचे तोंड दुसरीच्या शेपटीकडे असलेल्या दोन मासोळ्या. आणि कन्या? नावेत बसलेली मुलगी, एका हातात धान्य, दुसऱ्या हातात अग्नी.

या कन्येमुळेच मी पहिली जोडी केली. माझ्या पुतणीची रास कन्या आणि तिने पसंत केलेल्या मुलाची मेष. मेषेपासून कन्या सहावी, कन्येपासून मेष आठवी. पंचांगात याला षडाष्टक म्हणतात आणि या जोडीचे तर मृत्युषडाष्टक. ३६ पैकी १९ गुण जमत होते, पण राशीकूटाचे ७ पैकी शून्य. उपाध्यांनी समजुतीने घेतले. पण मुलाच्या आजीला तो शब्द कुणीतरी ऐकवला होता आणि तो काही तिच्या मनातून जाईना. मुलाने आणि मुलीने धीर धरला. सहा महिन्यांनी लग्न ठरले, तरी त्या शब्दाची सावली होतीच. कुणी उघड बोलत नव्हते इतकेच. तेव्हा पुतणी मला म्हणाली, “काकू, सगळे आमच्या राशींना भितात. मग रुखवतात राशीच मांड की! बघू देत एकदा नीट.”

कन्येची नाव मी नारळाच्या करवंटीची केली. बाहुलीला सुती इरकलीचे नऊवारी नेसवले, खणाची चोळी घातली. एका हातात भाताची लोंबी दिली, कारण आमचा मुलूख भाताचा. दुसऱ्या हातात मुगाच्या दाण्याएवढी मातीची पणती. नवऱ्याला धोतर, कोट आणि पटका दिला, आणि पटक्याच्या दोन्ही बाजूंनी मेंढ्याची वळलेली शिंगे काढली, तारेवर सुतळी गुंडाळून. बाशिंग दोन शिंगांच्या मधोमध बसले. मुले हसली, कारण तो रागीट दिसायच्या ऐवजी जरा लाजरा दिसत होता.

लग्नात मुलाची आजी टेबलापाशी बराच वेळ उभी राहिली. “ही नावेतली कोण गं?” तिने विचारले. मी म्हटले, “ही कन्या रास, आजी. तुमची नातसून.” आजीने लोंबीला बोट लावून पाहिले आणि म्हणाली, “दाणा नि दिवा घेऊन यायलीय पोर. ही कुणाचं काय वाईट करणार?” त्या दोघांचा संसार कसा चालला आहे, यावरून मला काही सिद्ध करायचे नाही. पण ज्या शब्दाला ती म्हातारी सहा महिने भीत होती, त्याचे तोंड तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर मागण्या येत गेल्या. जोड्या करताना मी काही नेम पाळते. आपल्याकडे श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत हस्तिदंताचा, लाखेचा, केसांचा व्यापार येतो. म्हणून बाहुलीचे केस काळ्या दोऱ्याचे, लाखेचा लेप नाही, पीस नाही, चामडे नाही. रेशीमही नाही, सुतात काय कमी आहे? मकर राशीच्या नवरीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने शोभतात, पण साखरेला मुंग्या लागतात, म्हणून मी पांढरे बारीक मणी ओवते. वृश्चिकेच्या नवरीच्या दंडावर विंचवाचे गोंदण काढते. तुळेच्या नवऱ्याच्या हातातल्या तराजूची दोन्ही पारडी सारखी आहेत ना, ते दोनदा पाहते. खोटे माप हा अचौर्यव्रतातला अतिचार, तो बाहुल्याच्या हातूनही नको.

एकदा बस्तीत एका वयस्कर अक्कांनी मला अडवले. बैल हे ऋषभनाथांचे लांछन, मगर पुष्पदंतांचे, बकरा कुंथुनाथांचे, मासा अरनाथांचा, कलश मल्लिनाथांचा, सिंह महावीरांचा. ही चिन्हे जेवणाच्या पंगतीशेजारच्या टेबलावर मांडायची का? त्यांचा प्रश्न योग्य होता. लांछन मूर्तीच्या पायाशी असते, ते मूर्ती ओळखायची खूण. रास ही आकाशाच्या एका भागाची खूण. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी पाहणाऱ्याची गल्लत होऊ नये, म्हणून मी पूर्ण प्राणी कधीच करत नाही. सिंहाची आयाळ फेट्याच्या तुऱ्यात येते, मासोळ्या पदराच्या काठावर, घागर नवऱ्याच्या खांद्यावर. अक्कांना हे पटले. मग मरुदेवीच्या सोळा स्वप्नांतही बैल, सिंह, दोन कलश आणि मासोळ्यांची जोडी आहे, याची आठवण त्यांनीच करून दिली. ती सगळी शुभ स्वप्ने होती.

आजही आपल्या समाजात मुलींची स्थळे पत्रिकेवरून मोडतात. मुलगा आवडतो, घर आवडते, आणि एका कागदावर शून्य पडते. मग तिला मंगळाची, मूळ नक्षत्राची, षडाष्टकाची म्हणून ओळखतात, तिच्या नावाने कुणी ओळखत नाही. कर्मसिद्धांत मानणाऱ्या आपण बायका हे मुकाट ऐकून घेतो. घरात पोर उपवर असेल, तर तिच्यापुढे राशींचा हा इतिहास जरूर काढावा. एखाद्या दुपारी तिच्या राशीची बाहुली तिच्याबरोबर करावी. तार, कापूस आणि जुन्या इरकलीचा तुकडा एवढेच लागते.